जीजींची पोच

"बाकं वाजली ते त्यांनी ऐकलंय ना? मग झालं तर. कुणी वाजवली ते कशाला सांगत बसायचं?"

सुमनकाकू बोलत होत्या. त्या समोरच्या घरात राहायच्या, पण सकाळच्या वेळी बहुतेक आमच्याच अंगणात असायच्या. त्यांच्यासमोर शेजारचे शर्माजी दुधाची पिशवी धरून उभे होते.

"बिल्कुल सही, भाभीजी," शर्माजी म्हणाले. "आँख का मामला है. टेंशन देना ही नहीं."

मी जिन्यात होते. चपला हातात घेतल्या होत्या, कारण खालच्या खोलीत जीजी झोपल्या होत्या आणि आदल्याच दिवशी त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मला बघून काकू दचकल्या, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मग स्वतःच हसल्या.

"हिची काय भीती! ही तर गॅसवाल्याशीसुद्धा मान हलवून बोलते."

ते खरंच होतं. मी मान हलवली आणि फाटक उघडून कंपनीच्या बसकडे निघाले.

जीजी म्हणजे माझ्या घरमालकीण. नातं कुणाचंच नव्हतं, पण मराठी असोत की माळवी, कॉलनीतले सगळे त्यांना जीजीच म्हणायचे. देवासला औषधांच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये मला नोकरी लागली तेव्हा बाबा धारहून आले आणि त्यांनी जीजींची वरची खोली ठरवली. त्या दिवशी बाबा एरवीपेक्षा जास्त बोलले. मुलगी शांत आहे, इंग्लिश मीडियमची आहे, मराठी वाचायला जरा अडखळते, पण त्रास म्हणून देणार नाही. जीजी सगळं ऐकून घेत होत्या. नंतर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "केस नीट बांधलेस. चप्पल बाहेर काढलीस. बाबा बोलत असताना मध्ये तोंड घातलं नाहीस." मी खूश होणार एवढ्यात त्या म्हणाल्या, "आता बोलते. माणसाकडे बघत जा."

ही त्यांची पोच. दुसऱ्या कुणाविरुद्ध काहीही बोलायचं असलं तर आधी त्याने जे बरं केलंय त्याची पोच द्यायची, एक नाही, निदान दोन-तीन गोष्टींची, आणि मग "आता बोलते" म्हणून मूळ मुद्द्यावर यायचं. "रजिस्टरचं टपाल आलं की आधी सही करतो, मग पाकीट फोडतो," त्या समजावून सांगायच्या. "तसंच आहे हे. तुझं मिळालं बाबा, अशी सही करायची. मग त्याचेही कान उघडे राहतात."

त्यांनी सरकारी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं होतं आणि त्यांच्या मते आपल्या माळव्यात लोकांना दोनच गोष्टी येतात: भांडायचं, नाहीतर "जाने दो भिया" म्हणायचं. विरोध कुणालाच येत नाही. तो शिकवायला लागतो.

दूधवाल्याला रोज पोच मिळायची. "वेळेवर आलास. भांडं लख्ख आहे. काल पाहुणे होते तर मागितल्याशिवाय जास्त घातलंस. आता बोलते. पाणी घालतोस." दूधवाला हसून डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "जीजी, इत्ता मीठा मत बोलो, शरम आती है." पाणी घालणं त्याने बंद केलं असं नाही. कमी केलं असावं. निदान जीजींचं तसं म्हणणं होतं.

मागच्या लॉनवर एकदा लग्न होतं आणि डीजेने खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. शर्माजी पोलिसांना फोन लावायला निघाले. जीजी पायांत चपला घालून थेट मांडवात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात गुलाबजामची वाटी होती आणि आवाज निम्मा झाला होता. "नवरदेव देखणा आहे म्हटलं. गाणी निवडून लावलीयत म्हटलं. पोरांनी खुर्ची दिली बसायला." शर्माजींनी फोन खिशात ठेवला. नंतर कितीतरी दिवस ते बायकोला, "सब्जी में कलर अच्छा आया है," अशी सुरुवात करून बोलणी खात होते.

पण दरवेळी जमायचंच असं नाही. कॉलनीच्या मंडळींबरोबर आम्ही मांडूला गेलो होतो. तिथला गाइड भराभर काहीही सांगत होता. जीजींना राहवेना. एका कमानीखाली त्यांनी त्याला थांबवलं. तुझा आवाज चांगला आहे, तू म्हाताऱ्यांना उन्हात उभं करत नाहीस, तुझा शर्ट इस्त्रीचा आहे... जीजी पोच देत होत्या आणि तो "थैंक्यू माताजी, थैंक्यू" म्हणत दुसऱ्या ग्रुपकडे सरकत होता. "आता बोलते," असं जीजी म्हणाल्या तेव्हा समोर फक्त कमान होती. त्यांनी तिलाच सांगितलं की, तू सांगतोस ते साल चुकीचं आहे. आम्ही सगळे हसलो. जीजीही हसल्या.

हे सगळं त्या कुठे शिकल्या, ते त्यांनीच मला एका संध्याकाळी सांगितलं. त्यांचं माहेर धारचंच. लग्न होऊन देवासच्या एका जुन्या, संस्थानी नोकरी केलेल्या घरात आल्या. तिथे सासूबाईंसमोर सुनेने "मला" या शब्दाने वाक्य सुरू करायचं नाही, असा न सांगितलेला नियम होता. जीजींना बी.एड. करायचं होतं. "मग मी आमटीपासून सुरुवात केली," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखी आमटी जमत नाही. तुमच्या हातचं लोणचं वर्षभर टिकतं. तुमच्या लुगड्याची घडी किती सरळ. असं करत करत मी एक दिवस बी.एड.वर पोचले. त्या म्हणाल्या, जा. आता इतकी गोड बोलल्यावर नाही कसं म्हणायचं त्या बाईने?"

त्यांच्या सवयी सांगायच्या तर पुष्कळ आहेत. त्या पेपर नेहमी आदल्या दिवशीचा वाचायच्या. आजचा पेपर आला की घडी न मोडता स्टुलाखाली ठेवायचा, तो उद्या. "एक दिवस मुरू द्यावा," म्हणायच्या, "निम्म्या बातम्या तोवर खोट्या ठरतात, तेवढी वाचायची मेहनत वाचते." संध्याकाळी त्या खुर्ची घेऊन फाटकाबाहेर बसायच्या, पण रस्त्याकडे पाठ आणि घराकडे तोंड. रस्त्याकडे सगळेच बघतात, घराकडे कोण बघतं, असं त्यांचं म्हणणं. घरात टीव्ही नव्हता. फोन बटनांचा होता आणि त्यावर त्या प्रत्येकाशी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायच्या.

निवडणुकीच्या दिवसांत सगळ्या पक्षांची माणसं त्यांच्या फाटकाशी यायची, कारण चहा मिळायचा. पण एक अट होती. समोरच्या उमेदवाराबद्दल एक तरी चांगली गोष्ट सांगायची, मग कप मिळणार. बरेचजण तसेच परत जायचे. एका पोराने खूप विचार करून, "जीजी, उसकी मोटरसाइकिल अच्छी है," असं म्हटलं, त्याला अर्धा कप मिळाला होता.

आणि रविवारी दुपारी पोर्चमध्ये सभा. कॉलेजातली चार-पाच मुलंमुली, शर्माजी, सुमनकाकू आणि कॉलनीत ज्याला वेळ असेल तो. कुणीतरी एका विषयावर बोलायचं आणि ते संपलं की जीजी विचारायच्या, "विरोधात कोण?" कुणीतरी उठायचं, आधी पोच द्यायची, मग बोलायचं. मी चहाचा ट्रे फिरवून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे. जीजी दरवेळी विचारताना एकदा माझ्या दिशेने बघायच्या. मी कप गोळा करायला उठायचे. त्यांनी कधी जबरदस्ती केली नाही. "तिची वेळ झाली की बोलेल," एवढंच म्हणायच्या, आणि ते त्या वर्षानुवर्षं म्हणत राहतील असं मला वाटायचं.

माझ्या आधी त्या खोलीत मुकुंद राहायचा. तो बदनावरच्या एका मराठी शिंप्याचा मुलगा. कॉलेजसाठी देवासला आला आणि जीजींच्या सभेत बोलायला शिकला. पुढे तो राजकारणात गेला आणि मागच्या निवडणुकीत, सगळे एकमेकांना शिव्या देत असताना, हा गावोगाव फिरून समोरच्या म्हाताऱ्या आमदाराबद्दल आधी चांगलं बोलायचा. यांनी शाळा बांधली, यांनी कुणाच्याही लग्नाला जायचं चुकवलं नाही, अब मैं कहता हूँ, असं म्हणून मग त्यांच्या चुका सांगायचा. लोकांना ते नवीन होतं. तो निवडून आला. त्या दिवशी जीजींनी कॉलनीत पेढे वाटले आणि पडलेल्या आमदाराच्या घरीही पाठवले.

तर हा मुकुंद विरोधी पक्षातला नवा चेहरा. पक्षाने त्याला पुढे आणायचं ठरवलं होतं. भोपाळला विधानसभेत नळ योजनेवर चर्चा होती आणि पहिल्यांदाच त्याला पक्षातर्फे मुख्य भाषण दिलं होतं. योजना अशी होती की गावोगाव पाइप टाकले होते, नळ बसवले होते, फक्त पाणी आलं नव्हतं. त्याला दहा मिनिटं मिळाली. तो उभा राहिला आणि त्याने पोच द्यायला सुरुवात केली. पाइप एका रेषेत टाकलेत. नळ पितळी आहेत, दिसायला सुंदर आहेत. टाक्यांना निळा रंग दिलाय, लांबून गाव ओळखू येतं. मंत्री स्वतः उन्हात आले होते, त्यांनी टोपीसुद्धा घातली नव्हती. सत्ताधारी बाकं आधी चकित झाली, मग खूश झाली. ते बाकं वाजवायला लागले. जितकी बाकं वाजत होती तितका मुकुंदला हुरूप येत होता. वेळ संपत आल्याची घंटी एकदा वाजली, दुसऱ्यांदा वाजली. त्याने पाण्याचा घोट घेतला, मान वर केली आणि म्हणाला, "अब मैं कहता हूँ."

आणि माइक बंद झाला.

दुपारपर्यंत तो तुकडा सगळ्यांच्या फोनवर होता. मुकुंदचे ओठ हलतायत, आवाज नाही, आणि समोर मंत्री हात जोडून हसत त्याचे आभार मानतायत.

जीजींनी ते भाषण त्याच संध्याकाळी, ऑपरेशनहून घरी आल्यावर, सुमनकाकूंच्या फोनवर, डोळ्याला पट्टी असताना ऐकलं. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकत आला होता. त्याने फोनवरचं काहीच दिसायचं नाही. त्यांना मुकुंदचा आवाज ऐकू आला आणि बाकं ऐकू आली. धडधड धडधड. त्यांनी काकूंचा हात धरला. "सभागृह उठलं गं त्याच्यासाठी," त्या म्हणाल्या. काकूंनी माइक बंद व्हायच्या आत फोन बंद केला.

बाकीच्या गावाला मात्र दिसत होतं. चौकात पोह्याच्या गाड्यावर कढई खरवडत मालक म्हणाला, "अब मैं कहता हूँ," आणि तोंड उघडं ठेवून गप्प उभा राहिला. गिऱ्हाइकं पोट धरून हसली. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरने तसंच केलं. कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी मंत्र्यांच्या नावाने मुकुंदला 'सर्वोत्तम आभार प्रदर्शन' असा चषक दिला. मुकुंदच्या पक्षातलेच लोक म्हणत होते की, पोराला विकत घेतलं असणार. रात्री बाबांचा धारहून फोन आला. "इथे आधी मराठी माणूस निवडून येत नाही. आला तर तिथे जाऊन हळदीकुंकवाचं भाषण करतो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "जीजींना सांगू नकोस हं." मी फोनवरही मान हलवली.

लॅबमध्ये माझ्या शेजारी रश्मी बसायची. ती बदनावरकडच्याच एका गावातली, मुकुंदच्या मतदारसंघातली. सगळे हसत होते तेव्हा ती नमुन्यांना लेबलं लावत होती. मी तिच्याकडे बघितलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "हमारे यहाँ नल से बकरी बाँधते हैं, यार. मम्मी ने तो टीवी के सामने कुर्सी लगाई थी, कि आज कोई बोलेगा. फिर वो रो दी." आणि परत लेबल लावायला लागली.

मी संध्याकाळी घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होते. जीजींचं म्हणणं चूक नव्हतं. डीजेवाल्या पोरांवर ते लागू पडलं होतं, मुकुंदला त्याने आमदार केलं होतं. पण सासूबाईंकडे घंटी नव्हती. त्या आमटीपासून बी.एड.पर्यंत सगळं ऐकत बसल्या होत्या.

पुढच्या दिवसांत कॉलनीने जीजींभोवती जे कुंपण घातलं, ते मी अजून कुठे बघितलेलं नाही. पट्टी निघाली, काळा चष्मा आला, वाचायला मनाई होती, म्हणून आदल्या दिवशीचा पेपर मी वाचून दाखवायचे. भाषणाची बातमी असलेलं पान सुमनकाकूंनी मेथी निवडायला नेलं. दुसऱ्या दिवशीचं शर्माजींच्या स्कूटरची सीट पुसायला गेलं. "पेपर बारीक झालाय हल्ली," जीजी म्हणाल्या. दूधवाला आला तेव्हा जीजींनी त्याला विचारलं, भाषण ऐकलंस का? त्याने माझ्याकडे बघितलं, सुमनकाकूंकडे बघितलं. "क्या बोले जीजी, भिया ने!" एवढं म्हणून तो सायकलवर बसला. त्या दिवशी दूध घट्ट होतं.

हे सगळं प्रेमाने चाललं होतं. जीजी इतक्या आनंदात होत्या की त्यांच्याकडे बघवत नव्हतं. खुर्चीत बसून त्या टिपॉयवर बोटांनी बाकं वाजवायच्या आणि स्वतःशीच हसायच्या.

रविवारी मुकुंद आला. सभेच्या थोडा आधी, एकटाच, गाडी कोपऱ्यावर सोडून. मी फाटक उघडलं. टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा तो बारीक होता आणि त्याची दाढी वाढली होती.

"तुम्ही वरच्या खोलीत ना?" तो म्हणाला. "खिडकीची कडी अजून अडकते?"

मी मान हलवली.

"वर उचलून ओढायची." मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "जीजींना कळलंय?"

मी मान आडवी हलवली. त्याने मोठा श्वास सोडला.

"बरं झालं. मंगळवारी याच विषयावर परत बोलायचंय. पक्षाचे अध्यक्षजी म्हणाले, ये आखिरी है. बिगडा तो समझ लो अपनी सीट पीछे. दुसऱ्याला पुढे आणणार." तो हसायचा प्रयत्न करत होता. "पण जीजी सांगतील तसंच बोलीन. त्यांच्यासमोर मला वेगळं बोलताच येत नाही."

पोर्च भरला होता. मुकुंद जीजींच्या पायाशी सतरंजीवर बसला. जीजींनी चाचपून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "वाळलास," त्या म्हणाल्या. "पण काय बोललास रे! मी सगळ्यांना विचारलं. प्रत्येकजण म्हणतो, असं भाषण झालं नाही."

"तसं कधीच झालेलं नाही," शर्माजी म्हणाले आणि खाली बघायला लागले.

"आता मंगळवारी," जीजी पुढे सरकल्या, "मागच्या वेळी पोच थोडी कमी पडली असं मला वाटतं. बाकं वाजत होती म्हणजे त्यांना अजून ऐकायचं होतं. तू घाई केलीस. या वेळी ठेकेदारांचीही दे. मजुरांनी उन्हात खणलं, त्यांची दे. पाइप कुठल्या कारखान्याचे आहेत, चांगले असतील तर त्यांचीही दे. म्हण माझ्याबरोबर."

आणि मुकुंद म्हणायला लागला. जीजी एक वाक्य सांगत, तो ते हिंदीत करून म्हणे. मजुरांनी खणलं. ठेकेदारांनी माप चोख ठेवलं. त्याचा आवाज नीट होता, पाठ ताठ होती, आणि तो बोलता बोलता सतरंजीचा एक धागा ओढून ओढून काढत होता. सुमनकाकू पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. कॉलेजातली मुलं एकमेकांकडे बघत नव्हती. पाण्याचा शब्द अजून आला नव्हता. मला रश्मीची आई दिसत होती, जिला मी कधी बघितलेलं नाही; मंगळवारी ती परत खुर्ची लावेल की नाही, कुणास ठाऊक.

शेवटी जीजी दमल्या. पाठीला टेकून त्यांनी नेहमीचं विचारलं, "विरोधात कोण?"

कुणीही उठलं नाही. शर्माजींनी घसा साफ केला आणि तेवढंच केलं. जीजींनी काळा चष्मा माझ्या दिशेने वळवला. मी ट्रेला हात लावला. कप वाजले.

"जीजी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच कुणाचातरी वाटला. "ती बाकं सरकारी पक्षाने वाजवली. मंत्र्यांच्या बाजूने. ते हसत होते. पाण्याचं बोलायच्या आत माइक बंद झाला."

सुमनकाकू "अगं!" म्हणाल्या. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, तो पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

"मुकुंद?" जीजी म्हणाल्या.

"हो, जीजी."

"तुला माहीत होतं, आणि तरी मी सांगते ते म्हणत बसलास?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

जीजींनी चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हटलं होतं. त्यांचा डोळा लाल होता, उजेडाने त्याला पाणी येत होतं, किंवा मला तसं समजायला बरं वाटलं. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. किती दिसत होतं देव जाणे. मग त्या सुमनकाकूंना म्हणाल्या, "मेथीचं पान?"

"हो," काकू रडवेल्या झाल्या. "जीजी, आम्हाला वाटलं..."

"कळलं." त्यांनी हात वर केला. मला वाटलं आता त्या आत जातील, दार लावतील आणि सभा इथेच संपली. मला ट्रे टाकून धारची बस पकडावीशी वाटत होती. मुकुंद त्यांचा हात धरायला गेला तर त्यांनी तो सोडवून घेतला, रागाने नाही, कामाला लागताना माणूस सोडवून घेतो तसा.

"उठ," त्या म्हणाल्या. मला वाटलं मुकुंदला. "तू गं. इथे ये, समोर उभी राहा. याला माझ्यासमोर वेगळं बोलवत नाही, मग तू बोलून दाखव, तो ऐकेल. मी मंत्री."

मी ट्रे खाली ठेवला. समोर जाऊन उभी राहिले. जीजींनी चष्मा परत घातला, पदर नीट केला, खुर्चीत रेलून बसल्या आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. कॉलेजातला एक मुलगा फुसकन हसला, कारण त्या खरंच मंत्र्यांसारख्या दिसत होत्या.

"हाँ, माननीय सदस्या," जीजी शाळेतल्या हिंदीत म्हणाल्या, "बोलिए. पहले ये बताइए, पाइप सीधे हैं कि नहीं?"

मी तोंड उघडलं. "हाँ" माझ्या जिभेवर आला होता. इतकी वर्षं त्या घरात राहून तो आपोआपच यायचा. मुकुंद सतरंजीवरून वर बघत होता. धागा ओढायचं त्याने थांबवलं होतं.

"संकोच मत कीजिए," मंत्री म्हणाले. "नल पीतल के हैं. टंकी नीली है. मैं धूप में गया था, टोपी भी नहीं पहनी थी. इतना तो मानेंगी आप?"

सुमनकाकूंनी नकळत मान डोलावली.

"घंटी बजने वाली है, सदस्या."

मी जीजींच्या काळ्या चष्म्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाले, "मंत्रीजी, पानी नहीं है."